हाड कुठे अडतं

योगवर्गात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "सरावाने येईल". तळवे जमिनीला टेकत नाहीत, सरावाने येईल. कपाळ गुडघ्याला लागत नाही, सरावाने येईल. मी कोथरूडला वर्ग घेते आणि हे वाक्य मीही रोज म्हणते, कारण बहुतेक वेळा ते खरं असतं. स्नायू हळूहळू सैल होतात, श्वास लांबतो, मनातली भीती जाते आणि दिवाळीत अशक्य वाटलेलं आसन गुढीपाडव्यापर्यंत सहज लागायला लागतं. पण काही शरीरांच्या बाबतीत, काही आसनांत, हे वाक्य साफ खोटं असतं. तिथे दहा वर्षं घासलं तरी ते आसन येणार नसतं, कारण तिथे अडवणारा स्नायू नसतोच, हाड असतं.

स्नायू अडवतोय की हाड, हे शिकणाऱ्याला कळणं अवघड आहे. ते शिकवणाऱ्याला कळायला हवं. त्याला कळलं नाही की दोष आपसूक शिकणाऱ्याच्या माथी येतो. याचा सराव कमी पडतो, हिचं लक्ष नसतं, यांना अंग मोडायची सवयच नाही. योगशिक्षकाला शरीररचना का यायला हवी याची खूप कारणं सांगता येतील, दुखापती टाळणं हे त्यातलं उघड कारण. माझ्या लेखी मात्र त्याहून मोठं कारण हे आहे: हाडाच्या ठेवणीचा आळ माणसाच्या स्वभावावर येऊ नये.

आमच्याकडे एक काकू येतात. साठीच्या आसपासच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वक्तशीर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "माझं अंग फार कडक आहे हो. बद्धकोनासनात माझे गुडघे कधीच खाली गेले नाहीत." आधीच्या वर्गात काही वर्षं त्या ते आसन, म्हणजे तळपाय एकमेकांना जुळवून गुडघे दोन्ही बाजूंना सोडून बसणं, करत होत्या. तिथले शिक्षक मागून येऊन दोन्ही मांड्यांवर हात ठेवून वजन टाकायचे, "सोडा, सोडा, धरून ठेवू नका" म्हणायचे. काकू आपल्या परीने सोडत होत्या. शेवटी गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली, जिना उतरताना कळ यायला लागली आणि त्यांनी जाणं थांबवलं. त्यांच्या बोलण्यात त्या शिक्षकांविषयी तक्रार नव्हतीच. आपल्यालाच सोडता येत नाही, आपलाच ताठरपणा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मी त्यांना पालथं झोपायला सांगितलं. दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून तळपाय छताकडे, आणि मग दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला सैल सोडायची. त्यांची पावलं दोन्हीकडे जवळजवळ जमिनीपर्यंत गेली. वर्गातल्या तिशीतल्या मुलींचीही इतकी जात नाहीत. मग एकेक पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे न्यायला सांगितलं. ते जेमतेम हललं. पालथं झोपून पाऊल बाहेर गेलं की मांडीचं हाड खुब्यात आत वळतं, आणि पाऊल आत आलं की हाड बाहेर वळतं. बद्धकोनासनाला हे बाहेर वळणंच लागतं. मी विचारलं, "लहानपणी जमिनीवर कशा बसायचात?" त्या म्हणाल्या, "पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून. आई सारखी ओरडायची, मुलीच्या जातीला मांडी घालता येत नाही म्हणून."

ज्या बाईंचा खुबा आतल्या बाजूला इतका मोकळा फिरतो, त्यांचं अंग कडक कसं म्हणायचं? त्यांच्या खुब्याचं फिरणं कमी नव्हतं, ते दुसऱ्या दिशेला होतं.

ही गोष्ट नीट समजायची असेल तर मांडीचं हाड एकदा हातात घेऊन बघायला हवं. माझी एक मैत्रीण वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. तिने एकदा तिच्या टेबलावर मांडीची दोन हाडं शेजारी शेजारी ठेवली, दोन वेगवेगळ्या माणसांची, दोन्ही उजवी. गुडघ्याकडची टोकं टेबलावर सपाट टेकवली आणि म्हणाली, "आता वरच्या टोकाकडून, हाडाच्या लांबीच्या रेषेत बघ." मी वाकून, एक डोळा मिटून बघितलं. मांडीच्या हाडाला वर एक तिरकी मान असते आणि मानेच्या टोकाला गोळा असतो, तो गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो. एका हाडाची मान टेबलाला जवळजवळ समांतर होती. दुसऱ्याची चांगलीच वर उचललेली होती, म्हणजे माणूस उभा असता तर ती पुढच्या बाजूला वळलेली दिसली असती. फरक मोजपट्टीशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

मानेचं हे पुढे वळणं म्हणजे हाडाचा पीळ. तो जन्मतः बराच जास्त, ३० ते ४० अंशांचा असतो. वाढत्या वयात तो उलगडत जातो आणि मोठेपणी सरासरी १५ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. पण सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. कुणाचा पीळ ३० अंशांवरच राहतो, कुणाचा पार उतरून शून्याच्या जवळ येतो. ज्यांचा पीळ जास्त राहतो त्यांच्या मांड्या आत सहज वळतात आणि बाहेर कमी वळतात. शिवाय उखळीची खोली आणि तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही माणसागणिक बदलतं. वाढ पुरी झाली की हे सगळं कायमचं ठरून गेलेलं असतं. स्कूटरचं हँडल एका ठिकाणी अडतं, त्याच्या पुढे जोर लावला तर हँडल वळत नाही, काहीतरी मोडतं. खुब्याचं तसंच आहे.

आणि मोडतं काय, तर गुडघा. खुबा उखळीचा सांधा आहे, सगळीकडे फिरणारा. गुडघा मुख्यतः बिजागरीचा. तो सरळ असताना जवळजवळ फिरत नाही, वाकलेला असताना थोडासा फिरतो. पद्मासनात पाऊल उचलून समोरच्या मांडीवर ठेवायचं, तर मांडीचं हाड खुब्यातून बाहेर भरपूर फिरायला लागतं. खुब्याने तेवढं दिलं नाही आणि हाताने पाऊल ओढून वर बसवलं, तर उरलेलं फिरणं गुडघ्याकडून वसूल होतं. गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यातली आतल्या बाजूची कमी हलणारी, घट्ट बांधलेली. कळ तिथे येते. काकूंची कळ तिथेच होती. शिकवणाऱ्याला एवढं ठाऊक असेल तर पद्मासनात गुडघ्याच्या आत दुखतंय असं कुणी म्हटलं की तो "थोडं सहन करा" म्हणणार नाही. तो लगेच पाय सोडायला सांगेल.

काकू आता मागे भिंतीला टेकून, खाली जाड घडी घेऊन बद्धकोनासनात बसतात. गुडघे जमिनीपासून बरेच वर असतात, दोन्ही मांड्यांखाली लोड. पाठ सरळ असते आणि चेहरा शांत असतो. हेच त्यांचं बद्धकोनासन, पूर्ण.

खांद्याचंही असंच आहे, पण तिथे गोष्ट उलटी होते. तिथे बहुतेकदा शरीर अडवत नाही, आपली सूचनाच अडवते. हात वर करा आणि खांदे खाली ओढा, कानांपासून लांब ठेवा. ऊर्ध्वहस्तासनात, अधोमुख श्वानासनात, वीरभद्रासनात ही सूचना इतक्या वर्गांत दिली जाते की ती शास्त्रातच लिहिलेली असावी असं वाटावं. आता खांद्याकडे बघू. हात शरीराच्या बाजूने उचलत डोक्यावर नेला की एकूण सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले साधारण १२० अंश दंडाचं हाड आपल्या उथळ खोबणीत फिरतं आणि उरलेले ६० अंश खांद्याचं पातं बरगड्यांवरून वळतं. पात्याचं टोक वर आणि बाहेर गेलं नाही तर हात पूर्ण वर जातच नाही. आणि पातं वर वळवण्याच्या कामात मानेपासून खांद्यापर्यंतच्या त्या स्नायूचा मोठा हात असतो, ज्याला आपण "सोडा, सोडा" म्हणतो. म्हणजे एका श्वासात आपण माणसाला हात वर न्यायला सांगतो आणि हात वर नेणाऱ्या स्नायूला काम थांबवायला सांगतो.

शिवाय दंडाचं हाड वर जाताना थोडं बाहेरच्या बाजूला फिरायला हवं, म्हणजे त्याचा वरचा उंचवटा पात्याच्या छपराखाली अडकत नाही. त्या अरुंद जागेतून एक कंडरा जाते. पातं खाली डांबून ठेवून हात वर रेटला की त्या जागेची सोय राहत नाही. काहींना काहीच होत नाही. काहींचा खांदा काही महिन्यांनी रात्री कुशीवर झोपू देत नाही. मी हल्ली म्हणते, "हात वर जाऊ देत, खांद्यांनाही त्यांच्यासोबत वर येऊ देत, बगलेची मागची बाजू पुढे वळू दे." वर्गातल्या एका आजोबांचा हात यावर सहज कानामागे गेला आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ते दोन्ही कामं एकदम करत होते.

गोठलेला खांदा, ज्याला सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतात, हा तर वेगळाच विषय. चाळिशी ते साठीत होतो, मधुमेह्यांना जास्त होतो, आणि मधुमेही पुण्यातल्या कुठल्या वर्गात नाहीत? त्यात हात बाहेरच्या बाजूला फिरणं फार कमी होतं, आणि कुणी दुसऱ्याने धरून फिरवला तरी फिरत नाही. हे न ओळखता "हात अजून मागे" म्हणून ओढणारा शिक्षक त्या माणसाला आठवडाभर झोपू देत नाही.

आपल्याकडे शिकवणाऱ्याला मध्येच थांबवायची पद्धत नाही. दुकानात, बँकेत, रिक्षात ठणकावून बोलणारा माणूस चटईवर आला की गप्प होतो, कारण समोर गुरू आहे अशी त्याची भावना असते. ही भावना मला मोलाची वाटते. तिच्यामुळेच शिकणं होतं. पण तिच्यामुळेच "मॅडम, दुखतंय" हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. नवीन सून, संकोची मुलगा, वयस्कर गृहस्थ, सगळे दात आवळून धरतात. कुणी पाठीवर हात ठेवून दाबलं तर ते नको असेल असं सांगणं तर फारच अवघड. समोरचा बोलणार नाही हे माहीत असताना त्याच्या शरीरावर हात ठेवायचा, तर त्या हाताखाली काय आहे ते माहीत असायलाच हवं. आणि हात ठेवण्याआधी विचारायलाही हवं.

हा विषय निघाला की पुण्यात एक प्रश्न हमखास येतो. "अय्यंगार गुरुजी कुठे मेडिकल कॉलेजात गेले होते?" प्रश्न रास्त आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये, ऐन तारुण्यात, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि इथलेच झाले. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी पोखरलेलं शरीर. १९७५मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांच्या पत्नीच्या नावाने संस्था उभी राहिली. १९७९मध्ये स्कूटरच्या अपघातांनी पाठ, खांदा, गुडघे दुखावले, तेव्हा साठी ओलांडलेल्या त्या माणसाने आपली साधना पुन्हा पायापासून रचली. २०१४मध्ये ते गेले तोवर त्यांचं शिकणं थांबलं नव्हतं. त्यांना शरीररचना येत नव्हती असं म्हणणं हे त्यांना न समजणं आहे. त्यांनी ती आधी स्वतःच्या शरीरावर, मग हजारो विद्यार्थ्यांच्या शरीरांवर, डोळ्यांनी आणि बोटांनी शिकून घेतली. त्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागली. दोनशे तासांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडून पुढच्या महिन्यात वर्ग सुरू करणाऱ्या मुलामुलींकडे ती वर्षं नाहीत. त्यांनी निदान पुस्तक, हाडं आणि जाणकार माणसं यांची मदत घ्यावी.

आणि गुरुजींची साधनं तरी काय आहेत? लाकडी विटा, पट्टे, दोर, घडीच्या खुर्च्या, लोड, ब्लँकेट. त्यातल्या प्रत्येकात शरीररचना आहे. सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटची घडी देतात. खांदे उंचावतात, डोकं खालच्या पातळीवर राहतं आणि मान छातीकडे काटकोनात दाबली जात नाही. मानेचे सात मणके सगळ्यात लहान, त्यांच्या कडेच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. घडी का दिली हे समजलं नसेल तर काय होतं ते मी पाहिलंय. एका वर्गात सर्वांगासनासाठी सगळ्यांना ब्लँकेट दिली होती आणि ती सगळ्यांनी प्रेमाने डोक्याखाली उशीसारखी घेतली होती. डोकं उंच, खांदे खाली, मान होती त्याहून जास्त दुमडलेली. साधन तेच, परिणाम नेमका उलटा. शिकवणारी मुलगी फिरून सगळ्यांच्या घड्या नीटनेटक्या करत होती.

परंपरेचं म्हणाल तर आपल्या परंपरेत डोळे उघडून बघणारी माणसं कमी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीर कसं अभ्यासावं याची रीत दिली आहे. अवयव पूर्ण असलेलं शव निवडायचं, आतड्यांतला मळ काढायचा, मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं आणि वाहत्या पाण्यात, आडबाजूला सोडायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं तरच ज्ञान वाढतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. सुश्रुताने हाडं तीनशे मोजली, आजचं शास्त्र मोठ्या माणसात २०६ मोजतं. आकडा वेगळा आला, कारण त्यांनी कूर्चा आणि दातही धरले. पण हात घालून मोजली हे महत्त्वाचं.

दयानंद सरस्वतींची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. न्यायमूर्ती रानडे आणि मंडळींच्या बोलावण्यावरून ते १८७५मध्ये पुण्यात व्याख्यानं द्यायला आले होते. त्यांच्या आत्मकथनात त्यांच्या भटकंतीच्या काळातला एक प्रसंग आहे. हठयोगाच्या ग्रंथांत चक्रांची, नाड्यांची वर्णनं वाचून त्यांच्या मनात शंका होती. गंगेत वाहत आलेलं एक प्रेत त्यांनी काठाला ओढलं, चाकूने उघडलं आणि ग्रंथ बाजूला ठेवून ताडून पाहिलं. जुळेना. त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेतासोबत नदीत सोडून दिले. मी ते ग्रंथ फाडणार नाही. चक्रं हा ध्यानाचा नकाशा आहे, तो मिटलेल्या डोळ्यांसाठी आहे, आणि त्या वाटेने गेलेल्यांना त्याचा उपयोग झाला आहे. पण "मणिपूर चक्र दाबलं जातं म्हणून मधुमेह बरा होतो" असं वर्गात सांगताना शिक्षकाने दोन नकाशे एकमेकांवर चिकटवलेले असतात. समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवून गोळी बंद करू शकतो.

आणि आपल्या घाटमाथ्यावरच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापायला त्रैमासिकही काढलं. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटाच्या आत काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो हे त्यांना दिसलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसाने हे केलं त्याचा योगावर विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? योगावर अपार श्रद्धा होती म्हणून तर तो तपासावासा वाटला.

पिळाच्या आसनांनी शरीरातली विषारी द्रव्यं पिळून निघतात, हे मात्र आता सोडून द्यावं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आसन करा वा करू नका. कमरेचे पाच मणके मिळूनही फार थोडे फिरतात, कारण त्यांचे जोड उभ्या पात्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. अर्धमत्स्येंद्रासनातला पीळ मुख्यतः छातीच्या मणक्यांत होतो. हे कळलं की कंबर जमिनीला खिळवून ठेवण्याचा हट्टही सुटतो.

ज्यावर मला थांबून बोलायचंय ती गोष्ट वेगळी आहे. आपल्या सकाळच्या वर्गांत सगळ्यात जास्त कोण येतं? पन्नाशी-साठीच्या बायका. मुलं मार्गी लागलेली, पहिल्यांदाच स्वतःसाठी वेळ मिळालेला. पाळी गेलेली असते आणि त्यातल्या कितीतरींची हाडं आतून विरळ होत असतात, पण ते त्यांना ठाऊक नसतं, कारण हाडांची घनता कमी होताना दुखत नाही. आणि वर्गात सगळ्यात आवडतं आसन कोणतं, तर पश्चिमोत्तानासन. पाठीची कमान करून, डोकं गुडघ्यांकडे ओढून. बसण्याच्या हाडांना मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू चिकटलेले असतात. ते आखडलेले असले की कमरेचं हाड पुढे झुकत नाही, मागेच राहतं, आणि सगळं वाकणं पाठीच्या मणक्यांवर येतं, त्यांच्या पुढच्या कडेवर.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक योगशिक्षकाने वाचावा असं मला वाटतं. रजोनिवृत्तीनंतर मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया. काहींना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना कोणतेच नाही. पुढे एक ते सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के जणींच्या मणक्यांत नवीन दबणं किंवा मोडणं दिसलं. पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्के. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं जग ठरवता येणार नाही. पण माझ्यासमोर तशीच बाई बसलेली असताना मी तिच्या पाठीवर तळहात ठेवून दाबणार नाही, एवढं ठरवायला तो पुरेसा आहे. तिला मी घडीवर बसवते, गुडघे थोडे वाकवायला सांगते, पाठ लांब ठेवून खुब्यातून झुकायला सांगते, आणि भुजंगासन, शलभासन, वीरभद्रासन जास्त करून घेते. यात तिचं काहीही कमी होत नाही. उलट तिला पाठ ताठ करून चालता येतं.

काचबिंदूचंही असंच. शीर्षासनात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो, हे चेन्नईत सराईत योगाभ्यासींवर मोजून पाहिलेलं आहे. निरोगी डोळा ते सोसतो, पण काचबिंदू झालेल्या डोळ्याने ते का सोसावं? आमच्या प्रवेशअर्जावर मी डोळ्यांचा प्रश्न ठेवला आहे. लोकांना नवल वाटतं, योगाच्या वर्गात डोळ्यांचं कशाला विचारतात.

मात्र अर्धवट शरीररचना घातक असते, आणि हेही मी आजूबाजूला बघते. कुणी एमआरआयचा कागद घेऊन येतो, त्यावर दोन मणक्यांमधली गादी फुगल्याचं लिहिलेलं असतं, आणि शिक्षक घाबरून त्याला वाकूच नका, वळूच नका असं सांगून टाकतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के माणसांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, आणि यांतल्या कुणाचंच काही दुखत नव्हतं. हिंजवडीहून रोज दीड-दोन तास गाडीत बसून येणाऱ्या मुलाला त्याच्या कागदावरच्या शब्दापेक्षा त्याच्या दुखण्याबद्दल विचारणं जास्त उपयोगाचं असतं. कधी दुखतं, कशाने वाढतं, पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे ना? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर काळजीचं आलं तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. निदान करणं आपलं काम नाही. कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं हे ओळखणं आपलं काम आहे.

मध्यंतरी एक मुलगी माझ्याकडे आली. अभ्यासक्रम पूर्ण केलेला, प्रमाणपत्र हातात, बाणेरला एका सोसायटीत वर्ग मिळालेला. तिच्या अभ्यासक्रमात शरीररचना होती, पण ती हाडांची नावं पाठ करून एका दुपारी लिहून आली होती. मी तिला आप्पा बळवंत चौकात पाठवलं, तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी विकलेला एक चित्रांचा जाड ग्रंथ ती घेऊन आली. मग आम्ही दोघी प्लास्टिकचा खुबा, गुडघा आणि खांदा समोर ठेवून बसू लागलो. मांडीची ती पालथ्या झोपण्याची चाचणी तिने तिच्या वर्गात केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. "ताई, एकाचंही दुसऱ्यासारखं नाहीये. आता मी सगळ्यांना एकच सूचना कशी देऊ?"

मी तिला म्हटलं, सूचनेत दिशा सांग, मुक्काम सांगू नकोस. "गुडघे जमिनीला टेकवा" हा मुक्काम झाला, तिथे निम्मे लोक कधीच पोचणार नाहीत. "मांड्या खुब्यातून बाहेर वळू देत" ही दिशा झाली, त्या दिशेने प्रत्येकजण आपापल्या खुब्याएवढा जाईल. मग फिरून विचार, ताण कुठे जाणवतो? मांडीच्या आतल्या बाजूला लांब खेच असेल तर तो स्नायू आहे, श्वास घेत थांबायला सांग, तो देईल. खुब्याच्या पुढे किंवा बाहेर, खोल कुठेतरी चिमटल्यासारखं, टणक अडल्यासारखं वाटत असेल, तर तिथे जोर लावू नकोस, खाली घडी दे आणि तेच आसन म्हण. गुडघ्यात काहीही वाटत असेल तर पाय सोडायला लाव.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण वर्गात कुणी खरं सांगतच नाही ना, सगळे ठीक आहे म्हणतात." म्हणून आता ती "ठीक आहे ना?" असं विचारत नाही. ती विचारते, "आत की बाहेर?" आणि बोट ठेवून दाखवायला सांगते. बोट ठेवायला लोक लाजत नाहीत.